व्हायोलिनचे हार्मोनिक प्लेबॅकमध्ये भलतेच वाजतात? या चुका टाळा

हार्मोनिक म्हणजे तारेवर बोट न दाबता नुसतं टेकवून काढलेला उंच स्वर. नोटेशन (स्वरलिपी लिहायच्या) सॉफ्टवेअरमध्ये व्हायोलिनची ओळ लिहिली, हार्मोनिकसाठी वर हिऱ्याच्या आकाराची नोट ठेवली, प्ले दाबलं आणि शिट्टीसारखा तलम आवाज येण्याऐवजी दोन स्वर एकत्र ऐकू आले. बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. मग कुणी साउंड लायब्ररी बदलतो, कुणी सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करतो. दोष त्या दोन्हींत नसतो. हिरा ही वाजवणाऱ्यासाठीची खूण आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरच्या लेखी ती फक्त वेगळ्या आकाराची नोट असते आणि ते ती जशी लिहिली तशी वाजवतं.

आधी गणित पक्कं करा

दाबलेल्या स्वराला सा माना. त्याच्या मध्यमावर दुसरं बोट नुसतं टेकवलं की दोन सप्तकं वरचा सा वाजतो. कृत्रिम हार्मोनिकचा हा सगळ्यात रुळलेला प्रकार, पहिलं बोट दाबून आणि करंगळी टेकवून वाजवायचा. पंचमावर टेकवलं तर एक सप्तक वरचा पंचम मिळतो. शुद्ध गंधारावर टेकवलं तर दोन सप्तकं वरचा गंधार. कोमल गंधारावर टेकवलं तर मात्र दोन सप्तकं वरचा पंचम, आणि इथे भलेभले फसतात. दाबलेल्या बोटापासून तारेच्या कितव्या भागावर बोट टेकलं त्यावर हे ठरतं: मध्यमाला चौथा, पंचमाला तिसरा, शुद्ध गंधाराला पाचवा, कोमल गंधाराला सहावा.

उदाहरण घ्या. डी तारेवर ४४० हर्ट्झचा ए दाबला आणि वरच्या डीवर हिरा ठेवला. ऐकू यायला हवा १७६० हर्ट्झचा ए. प्लेबॅकमध्ये ४४० आणि ५८७ एकत्र ऐकू येत असतील तर सॉफ्टवेअरने हिरा सरळ वाजवला आहे. फोनवरच्या ट्यूनरने हे मिनिटभरात तपासता येतं. कान थकलेले असताना सप्तकाची चूक सहज निसटते, म्हणून ट्यूनर लावाच.

लपवणं वेगळं, गप्प करणं वेगळं

सगळ्यात जास्त वेळ या गोंधळात जातो. म्यूझस्कोर या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये नोट निवडून व्ही दाबला की ती कागदावरून गायब होते, पण वाजत राहते. प्रॉपर्टीज पॅनेलमधली ‘प्ले’ची खूण काढली की ती दिसत राहते, पण वाजत नाही. आपल्याला दोन्ही हवं असतं, फक्त वेगवेगळ्या नोटांवर.

लिहिलेल्या दोन्ही नोटांची, म्हणजे दाबलेल्या आणि हिऱ्याच्या, ‘प्ले’ची खूण काढा. मग त्याच जागी दुसऱ्या व्हॉइसमध्ये (त्याच ओळीवरच्या दुसऱ्या स्वतंत्र थरात), कंट्रोल-ऑल्ट-२ दाबून, खरा ऐकू यायचा उंच स्वर तितक्याच लांबीचा लिहा आणि तो लपवा. लपवताना नुसत्या नोटेच्या डोक्यावर क्लिक केलं तर डोकं जातं आणि दांडी हवेत लटकत राहते. त्यासाठी एफ६ने सिलेक्शन फिल्टर उघडा, पहिल्या व्हॉइसची खूण काढा, शिफ्ट धरून पूर्ण माप निवडा आणि मग व्ही दाबा. दुसऱ्या व्हॉइसचे विराम उरले असतील तर तेही घालवा. पहिल्या व्हॉइसच्या दांड्या उलट्या झाल्या असतील तर एक्स दाबून फिरवा.

एवढं करूनही ओळ तुटक वाजत असेल तर स्लर, म्हणजे स्वर जोडून वाजवायची कमान, बघा. तो पहिल्या व्हॉइसवर आहे, लपवलेल्या नोटांना लागू होत नाही. त्यांच्यावरही एक स्लर घालून तो लपवावा लागतो. टायचंही, म्हणजे एकाच स्वराच्या दोन नोटा जोडणाऱ्या कमानीचंही, तसंच. तो राहिला की लांब स्वर मध्येच पुन्हा टोचल्यासारखा वाजतो.

लांबलचक हार्मोनिकची ओळ असेल, उदाहरणार्थ मोंटीच्या ‘चार्दाश’मधला तो मधला संथ भाग, तर प्रत्येक मापात हा खटाटोप करण्यात अर्थ नाही. फक्त प्लेबॅकसाठी एक वेगळा व्हायोलिनचा स्टाफ (पाच रेघांची पट्टी) जोडा, त्यात ऐकू येणारे स्वर लिहा, तो स्टाफ लपवा आणि मूळ ओळीतला तेवढा भाग गप्प करा. माझ्या मते हा सर्वांत कमी डोकेदुखीचा मार्ग आहे. पुढे दुरुस्ती करताना मात्र दोन्हीकडे करावी लागते, हे विसरू नका.

पंधरा-एमएची पळवाट

पंधरा-एमए (15ma), म्हणजे दोन सप्तकं वर वाजवायची रेघ, लपवून काम भागवणारे बरेच आहेत. मध्यमाच्या प्रकारात, हिरा गप्प केलेला असेल तर, ती चालूनही जाते. पंचम किंवा गंधाराचा हार्मोनिक आला की सगळं चुकतं. शिवाय काही सॉफ्टवेअरमध्ये रेघ लावली की आवाज वर जातो, तर डोरिकोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज तोच राहून नोट कागदावर खाली सरकते.

डोरिकोत हिरा हाताने काढायचीही गरज नसते. नोट निवडून प्रॉपर्टीजमध्ये हार्मोनिकचा प्रकार आणि पार्शियल (तारेतून निघणारा कितवा उपस्वर) सांगायचा. सॉफ्टवेअर असं स्वतःच हार्मोनिक ओळखून उंच स्वर वाजवत असेल तर वरून लपवलेली नोट घालू नका. जुनी फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर हा डबल प्रकार हमखास दिसतो. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात फाइल न्यायच्या म्यूझिकएक्सएमएल स्वरूपात हार्मोनिकचा मूळ, टेकवलेला आणि ऐकू येणारा स्वर वेगवेगळा नोंदवायची सोय आहे, पण प्रत्येक सॉफ्टवेअर ती वाचेलच असं नाही.

शून्याच्या खुणेचा चकवा

नैसर्गिक हार्मोनिक, म्हणजे मोकळ्या तारेवरचे, दोन रीतींनी लिहितात. ऐकू येणाऱ्या स्वरावर छोटा शून्य, किंवा बोट टेकवायच्या जागी हिरा. पहिल्या रीतीत प्लेबॅक आपोआप बरोबर येतो. दुसऱ्या रीतीत बहुतेकदा येत नाही. नेहमीचा अपवाद तारेच्या अगदी मध्यावरचा. तिथे टेकवलेली जागा आणि ऐकू येणारा स्वर एकच असतो. त्यामुळे पहिला प्रयोग तिथे करणाऱ्याला वाटतं, सॉफ्टवेअरला सगळं कळतं. जी तारेवर वरच्या सीला हिरा ठेवून बघा, लगेच समजेल.

पाचव्या भागावरचा गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. तानपुऱ्यात आपोआप ऐकू येतो तोच हा. इतका बारकावा हवाच असेल तर नोटेच्या ट्यूनिंगमध्ये उणे १४ घाला. डेमोसाठी मी हा उद्योग सहसा करत नाही.

स्वर बरोबर, आवाज चुकीचा

जनरल मिडी या संगणकी वाद्यांच्या प्रमाण यादीतल्या १२८ वाद्यांत गिटारच्या हार्मोनिकला जागा आहे, व्हायोलिनच्या नाही. त्यामुळे साध्या साउंडफॉन्टमध्ये (वाद्यांच्या आवाजांच्या फाइलमध्ये) उंच स्वर मिळाला तरी तो भरघोस व्हायब्रॅटोसकट (कंपासकट) किंचाळतो. हार्मोनिकचे वेगळे नमुने असलेली लायब्ररी नसेल तर निदान त्या नोटांची व्हेलॉसिटी (वाजवण्याचा जोर) उतरवा. आणि एखादा स्वर वाजतच नसेल, तर लायब्ररीतले नमुने त्या उंचीपर्यंत आहेत का ते बघा.

डबल बास लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. लपवलेली नोटही त्याच स्टाफवर असल्याने तीही खालीच जाणार, म्हणून ती एक सप्तक वर लिहा.

ग्लिसांदोला, म्हणजे तारेवरून घसरत जाण्याला, मात्र एक लपवलेली नोट पुरत नाही. स्ट्राविन्स्कीच्या १९१०च्या ‘फायरबर्ड’च्या सुरुवातीला तारवाद्यांवर येतो तसा हार्मोनिकचा ग्लिसांदो सॉफ्टवेअर सरळ घसरगुंडीने वाजवतं. खऱ्या तारेवर फक्त तिचे पार्शियल चमकत जातात: डी तार असेल तर डी, ए, डी, एफ शार्प, ए, किंचित उतरलेला सी, डी. प्लेबॅकच्या स्टाफवर हेच स्वर झटपट एकामागून एक लिहा, आणि वादकाच्या कागदावर फक्त रेघ राहू द्या.