व्हॅक्यूम क्लिनर बघायला जाताना पिशवीत शेव टाका

इंदूरच्या महाराणी रोडवर व्हॅक्यूम क्लिनर बघायला गेलं की दुकानदाराचं पहिलं वाक्य ठरलेलं. "भाभीजी, दो हजार वाट का है, पत्थर भी खींच लेगा." आता दगड कशाला ओढायचेत मला? आणि वॅट हा मशीन किती वीज खातं त्याचा आकडा आहे, कचरा किती उचलतं त्याचा नाही. २००० वॅटचं मशीन अर्धा तास चालवलं की एक युनिट जळतं, एवढंच त्यावरून खात्रीने सांगता येतं.

मागच्या दिवाळीच्या साफसफाईआधी मी तीन मशीन एकमेकांसमोर लावली. आमचं जुनं पिशवीवालं, वन्संकडचं बिनपिशवीचं आणि दुकानातलं नवंकोरं. तिन्ही एकाच जातीची: चाकांवर फिरणारा डबा, त्याला लांब पाइप, पुढे ब्रश. तुम्हालाही घ्यायचं असेल तर हे असंच करा.

खोक्यावर काय वाचायचं

दोन आकडे शोधा. पहिला किलोपास्कल, म्हणजे ओढ किती जोराची. पण तो बहुतेकदा पाइपचं तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो, तेव्हा हवा वाहतच नसते. शहाळ्यातल्या नळीचं खालचं टोक बोटाने दाबून ओढून बघा. गालफडं आत जातात, पाणी येत नाही. कचरा वाहून आणते ती वाहती हवा, म्हणून दुसरा आकडा हवेच्या प्रवाहाचा, लिटर प्रति सेकंद. एकाच वेळची ओढ आणि एकाच वेळचा प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे एअरवॅट. तो आकडा दिलेला असेल तर तुलनेला तोच धरा.

कमी वॅट म्हणजे लेचंपेचं मशीन, असं वाटत असेल तर युरोपकडे बघा. युरोपीय संघात २०१४ पासून १६०० वॅट आणि २०१७ पासून ९०० वॅट ही घरगुती मशीनची मर्यादा आहे. त्या मर्यादेत राहून फरशीच्या फटीतली ९८ टक्के धूळ निघाली पाहिजे, अशीही अट आहे.

वाळू, शेव आणि एक जुनी सतरंजी

घरून निघताना चार वस्तू घ्या: सतरंजीचा तुकडा, पीठ चाळायच्या चाळणीने चाळलेली कोरडी वाळू, चुरलेली शेव आणि स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा. दुकानदार हसतो, हसू दे. इंदुरात शेव घेऊन फिरणाऱ्याला कोणी वेडं म्हणत नाही. मैदा किंवा रांगोळी मात्र नको. इतकी बारीक पूड थेट फिल्टरमध्ये जाऊन बसते आणि पुढच्या फेरीचे आकडे बिघडवते.

सतरंजीवर साधारण हात-दीड हात जागेत ५० ग्रॅम वाळू पसरा आणि पायाने हलकी दाबा, म्हणजे ती विणीत उतरेल. मशीनची पिशवी किंवा आतला डबा आधी तोलून ठेवा. मग ब्रश सावकाश पुढे-मागे, फक्त पाच वेळा. घाईने रेटलं की कुठलंही मशीन नापास होतं. शेवटी दहा सेकंद ब्रश हवेत धरून मशीन चालू ठेवा, पाइपात अडकलेली वाळू आत येते. पुन्हा तोला. ४० ग्रॅम वजन वाढलं तर ८० टक्के.

शेव कशासाठी? ती वाळूसारखी विणीत शिरत नाही, पण ब्रशची पुढची कडा तिला आत घेते की नुसती ढकलत नेते, हे लगेच दिसतं. आमच्या दोन हजार वॅटवाल्याने शेवेची छान रांग करून भिंतीपर्यंत नेली. ब्रशची कडा जमिनीला इतकी घट्ट चिकटत होती की शेवेला आत शिरायला जागाच नव्हती. वन्संचं मशीन वॅटमध्ये त्याच्या निम्म्याहून थोडंच वर, पण त्याच्या ब्रशला पुढे खाचा होत्या, शेव गपकन आत.

तिसरी चाचणी फटींची. लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात खाली कोटा स्टोन आहे, दोन लाद्यांमधलं सिमेंट जागोजागी उडालेलं. दुकानात चकचकीत टाइल्स असतात, तिथे सगळीच मशीन पहिल्या वर्गात पास होतात. दाराच्या रुळात, पायरीच्या सांध्यात थोडी वाळू टाका आणि मग बघा.

आता पिशवी अर्धी भरा

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते निकाल इथेच लागतो. नव्या मशीनची पिशवी रिकामी, फिल्टर पांढराशुभ्र, मग ओढ चांगली असणारच. आपण घरी वापरतो ते अर्ध्या भरलेल्या पिशवीवर.

युरोपात २०१४ पासून व्हॅक्यूम क्लिनरवर विजेच्या बचतीची लेबलं लागत होती. चाचणी रिकाम्या पिशवीवर व्हायची. याच मुद्द्यावर एक उत्पादक कोर्टात गेला, २०१८ मध्ये कोर्टाने ते नियम रद्द केले आणि २०१९ च्या जानेवारीत लेबलं गेली. तेव्हा आपण तरी रिकाम्या पिशवीवर का भुलायचं?

घरातलीच धूळ, केस, गादीखालचा कापूस असं पिशवीत अर्ध्यापर्यंत भरा आणि वाळूची चाचणी पुन्हा करा. दुकानात हे जमत नाही. म्हणून तेच मॉडेल ज्या नातेवाइकाकडे असेल त्याच्याकडे पोह्यांना जा. पिशवीवाल्या मशीनमध्ये पिशवीची छिद्रं बुजली की ओढ पडते. बिनपिशवीचं डब्यात हवा गोल फिरवून कचरा वेगळा करतं, त्यामुळे ओढ जास्त टिकते, पण पुढचा फिल्टर धुवावा लागतो. धुतलेला फिल्टर चोवीस तास सुकू द्या. ओला लावला तर घरभर कुबट वास सुटतो.

आवाज

डेसिबलचं गणित सरळ चढत नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं. म्हणजे ७२ आणि ८२ मधला फरक कागदावर किरकोळ, घरात मोठा. युरोपात कमाल मर्यादा ८० आहे.

फोनवरचं आवाज मोजायचं ॲप खरा आकडा देईलच असं नाही, पण तुलनेला चालतं. फोन तोच, खोली तीच, अंतर एक मीटर, ओढीचं बटण पूर्ण वर. एकदा ब्रश हवेत, एकदा सतरंजीवर. मशीनखाली पायपुसणं ठेवून पुन्हा ऐका. आवाज बराच उतरला तर तो मोटरचा कमी आणि फरशीच्या थरथरीचा जास्त होता. दुकानात सकाळी शटर उघडल्या उघडल्या जा, दुपारी महाराणी रोडवर हॉर्नच मोजाल.

पाइपचं तोंड तळव्याने झाका. आवाज चढतो, किंचाळल्यासारखा होतो, आणि सगळे म्हणतात मोटरवर ताण आला. होतं उलटं: ढकलायला हवाच नसल्याने भार कमी होतो आणि मोटर जास्त वेगाने फिरते. मात्र बऱ्याच घरगुती मशीनमध्ये तीच हवा मोटर थंड करते, म्हणून दोन-तीन सेकंदांत हात काढा. तोंड झाकलेलं असताना डब्याच्या झाकणापाशी हवेची सूं ऐकू आली तर रबरी गास्केट सैल आहे. ते मशीन नको.

माझ्या सासूबाईंचा निकष सोपा: मशीन चालू असताना कुकरची शिट्टी ऐकू आली पाहिजे.

टिकेल का, हे मेकॅनिकला विचारा

विकणाऱ्याला नव्हे, दुरुस्त करणाऱ्याला. त्याच्या टेबलाखाली कुठली मशीन पडली आहेत आणि कशाने, ते बघा. मला तीन कारणं सांगितली गेली: पाइप मुठीजवळ फाटणं, वायर गुंडाळायची स्प्रिंग जाणं, कार्बन झिजणं. या मोटरी मिनिटाला वीस-तीस हजार फेरे मारतात आणि आत कार्बनचे दोन तुकडे सतत घासत असतात. ते झिजणारच. प्रश्न एवढाच की बदलून मिळतात का. पाइप, पिशवी, फिल्टर आणि कार्बन, चारही सुटे मिळतात का हे पैसे देण्याआधी विचारा. वॉरंटीच्या कागदावर पाइप आणि कार्बन बहुधा बारीक अक्षरात वगळलेले असतात.

युरोपच्या नियमात मोटर किमान ५०० तास चालावी आणि पाइप ४०,००० वेळा वाकून टिकावा असं आहे. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं धरलं तर ५०० तास म्हणजे चौदा वर्षं. दुकानात तुम्ही पाइप मुठीजवळ दहा-वीस वेळा जोरात वाकवा, पांढरी रेघ उमटली तर प्लास्टिक ठिसूळ. वायर पूर्ण बाहेर काढून सोडा, शेवटपर्यंत एका दमात आत जाते का बघा. डबा पाइपला धरून उंबऱ्यावरून ओढा, चाक निखळायचं असेल तर तिथेच कळेल.

यातलं एक शिक्षण मला फुकट मिळालेलं नाही. स्वयंपाकघराचा ओटा फोडून नवा केला तेव्हा मी सगळी सिमेंटची धूळ मशीननेच ओढली. तिसऱ्या खोलीत जळका वास. मेकॅनिकने उघडलं तर फिल्टर गिलावा केल्यासारखा कडक आणि वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, काळं. बांधकामाची धूळ, गरम राख आणि पाणी साध्या घरगुती मशीनला देऊ नका. पाण्यासाठी ओलं-कोरडं दोन्ही ओढणारं वेगळं येतं.

शेवटी मी वन्संकडचंच मॉडेल घेतलं. बिलाबरोबर दोन फिल्टर आणि कार्बनची एक जोडी तेव्हाच घेऊन ठेवली, कारण कंपनीने मॉडेल बंद केलं की सुटे भाग आधी गायब होतात. खोकं अजून माळ्यावर आहे. बदलून द्यायची मुदत संपेपर्यंत ते फाडून कचरागाडीत देऊ नका, आणि त्या मुदतीत घरी अर्ध्या भरलेल्या डब्याची चाचणी उरकून घ्या.