वूफर-ट्विटरची जोडी आणि क्रॉसओव्हरचा आकडा: मी कसा ठरवते

पहिले स्पीकर बनवले तेव्हा मी आधी वूफर (खालचे सूर वाजवणारा) निवडला, मग ट्विटर (उंच सूर वाजवणारा), आणि क्रॉसओव्हरचा आकडा, म्हणजे आवाज वूफरकडून ट्विटरकडे जातो ती वारंवारता, सगळ्यात शेवटी टाकला. आठ इंची वूफर, छोटा डोम ट्विटर, ३५०० हर्ट्झ. वूफरच्या डेटाशीटवर ४००० हर्ट्झपर्यंत रेघ जवळजवळ सरळ होती, त्यामुळे शंका घ्यायचं कारणच दिसलं नाही. समोरच्या खुर्चीत बसून ऐकलं की छान वाटायचं. आई मात्र खोलीच्या कडेला बसायची. ती एक दिवस म्हणाली, "ही बाई तोंडावर रुमाल धरून गातेय का गं?"

तिच्या जागेवर जाऊन बसले आणि पटलं. 'स', 'श' अगदी स्वच्छ ऐकू येत होते, पण त्यांच्या खालचा पट्टा, ज्याच्यामुळे आवाजाला चेहरा येतो, तो तिथे पोहोचतच नव्हता.

कारण साधं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३५०० हर्ट्झची लहर जेमतेम १० सेंटिमीटरची. आठ इंची ड्रायव्हरचा (वूफर, ट्विटर हे सगळे ड्रायव्हरच) कोन, म्हणजे प्रत्यक्ष हलणारा शंकू, १६-१७ सेंटिमीटर. लहर कोनपेक्षा लहान झाली की कोन आवाज पसरवत नाही, टॉर्चसारखा समोर फेकतो. डेटाशीटवरची सरळ रेघ ही ठीक समोरून मोजलेली असते. आणि ३५०० ला अडीच सेंटिमीटरचा ट्विटर सुरू झाला की आवाज एकदम सगळीकडे पसरतो. समोर सपाट, बाजूला खड्डा. भिंतींवरून परतणाऱ्या आवाजातही तोच खड्डा असतो, म्हणून समोर बसलेल्यालाही काहीतरी खटकत राहतं.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी आकडा कुठे बसू शकतो ते बघते, मग ड्रायव्हर घेते, आणि घेते ते जोडीनेच.

आकड्याला वरून छत असतं आणि खालून जमीन. छत वूफर ठरवतो. सराउंड म्हणजे कोनला धरून ठेवणारी रबराची कड. तिच्या मध्यापासून समोरच्या मध्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये माप घ्या आणि ३४३०० ला त्याने भागा. साडेसहा इंचीला माप साधारण १३ येतं, छत २६०० च्या आसपास. पाच इंचीला १० धरलं तर ३४०० च्या थोडं वर. आठ इंचीला २१००. ही शेवटची हद्द समजा. मी तिच्या वीसेक टक्के खाली राहते.

जमीन ट्विटर ठरवतो. त्याच्या डेटाशीटवर एफएस, म्हणजे स्वतःच्या अनुनादाचा आकडा असतो. आवाज तेवढाच ठेवून वारंवारता निम्मी केली की डोमला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. ३००० वरून १५०० वर आलात की तोच ट्विटर चौपट धावतो, आणि त्याचा त्रास आधी कर्कशपणात आणि मग जळलेल्या कॉइलमध्ये दिसतो. उतार म्हणजे जोडाच्या पलीकडे दर सप्तकाला आवाज किती डेसिबलने खाली येतो ते. २४ डेसिबलचा उतार असेल तर एफएसच्या किमान दुप्पट, १२ डेसिबलचा असेल तर तिप्पट, हा माझा हिशोब. एफएस ६५० चा ट्विटर असेल तर १३०० किंवा १९५०.

आता साडेसहा इंची वूफर आणि हा ट्विटर शेजारी ठेवून बघा. मंद उतारासाठीसुद्धा १९५० ते २६०० अशी मोकळी जागा आहे, मी २१०० घेईन. माझ्या पहिल्या जोडीत ट्विटरचा एफएस १२०० होता. जमीन २४००, छत २१००. तिथे आकडाच नव्हता, कुठलाही क्रॉसओव्हर ती जोडी सांधू शकला नसता. अशा वेळी वूफर लहान घ्या, ट्विटर दणकट घ्या, ट्विटरभोवती वेव्हगाइड (उथळ कर्ण्यासारखी कड) लावा किंवा मध्ये तिसरा ड्रायव्हर आणा. बीबीसीने १९७० च्या दशकात बनवलेला एलएस३/५ए स्पीकर बघा: केईएफ कंपनीचा पाच इंची बी११० वूफर, सोबत टी२७ ट्विटर आणि जोड ३००० हर्ट्झच्या आसपास. वूफर लहान आहे म्हणूनच तो आकडा तिथे शोभतो.

दोन ड्रायव्हरच्या केंद्रांमधलं अंतरही जोडाच्या लहरीपेक्षा जास्त नको, नाहीतर उभं राहिल्यावर आणि बसल्यावर वेगळा आवाज येतो. २१०० ला लहर १६ सेंटिमीटरची. दोन्ही ड्रायव्हर खोक्याच्या समोरच्या फळीवर एकमेकांना चिकटवून बसवा.

कोन कशाचा घ्यायचा? पहिल्यांदाच बनवत असाल तर कागदाचा घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. अॅल्युमिनियमचा कोन खाली फार सुंदर वागतो, पण साडेसहा इंचीत साधारण ५ ते ७ हजारांमध्ये तो घंटेसारखा वाजतो आणि ग्राफवर सुळका दिसतो. क्रॉसओव्हरमधल्या फिल्टरने सुळका दाबला की काम झालं असं वाटतं, पण तसं नसतं. २००० हर्ट्झचा सूर वाजताना ड्रायव्हरची मोटर (चुंबक आणि कॉइल) स्वतःच थोडी विकृती निर्माण करते, तिचा तिसरा गुणक ६००० ला पडतो, आणि कोन नेमका तोच फुगवून ऐकवतो. ही विकृती फिल्टरच्या पुढे, ड्रायव्हरच्या आत तयार होते, त्यामुळे मागे बसलेला साधा फिल्टर तिला हात लावू शकत नाही. म्हणून धातूचा कोन असेल तर सुळक्याच्या एक तृतीयांशाच्या बऱ्यापैकी खाली जोड ठेवावा लागतो, आणि तिथे टिकणारा ट्विटर लागतो.

बासचं गणित त्यामानाने सरळ आहे. वूफरच्या डेटाशीटवर दोन आकडे असतात: क्यूटीएस, म्हणजे अनुनाद किती मोकाट आहे ते, आणि व्हीएएस, म्हणजे कोनच्या लवचिकतेइतकी लवचीक असणारी हवा किती लिटर ते. क्यूटीएस ०.३८ आणि व्हीएएस ३० लिटरचा वूफर १० लिटरच्या बंद खोक्यात घातला तर क्यू दुप्पट होऊन ०.७६ येतो, अनुनादही दुप्पट वर जातो. ०.७ च्या आसपासचा क्यू मला पुरतो. पोर्ट (खोक्याला नळीचं भोक) हवा असेल तर क्यूटीएस ०.३ ते ०.४ मधला वूफर शोधा.

एक हिशोब बहुतेक जण विसरतात. ११५ ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीने भागा. २० सेंटिमीटरच्या फळीला ५७५ येतं. या आसपास आणि खाली आवाज खोक्याला वळसा घालून मागे जाऊ लागतो आणि समोर कमी पडतो. तो भरून काढायला मी वूफरचा वरचा भाग सुमारे ४ डेसिबल खाली आणते. म्हणजे ठरावीक सिग्नलला ८७ डेसिबल आवाज देणारा वूफर हिशोबात ८३ चा. ९१ चा ट्विटर असेल तर त्याला ८ डेसिबल दाबावं लागणार. म्हणून ट्विटर नेहमी वूफरपेक्षा जोरकस घ्या. दाबता येतं, वाढवता येत नाही.

तयार क्रॉसओव्हर बोर्ड घेऊ नका. मी एकदा घेतला, त्यावर ३००० हर्ट्झ, ८ ओहम असं छापलं होतं. मोजल्यावर मधोमध खोल खड्डा निघाला. कारण कुठलाही ड्रायव्हर सगळीकडे ८ ओहमचा नसतो: वूफरचा रोध कॉइलमुळे वर चढत जातो, ट्विटरचा एफएसपाशी उंच जातो. अभियंता लिंकविट्झने १९७६ मध्ये मांडलेला, जोडाच्या ठिकाणी दोन्ही बाजू ६ डेसिबल खाली असणारा उतार हा हवेत मोजलेल्या आवाजाचा असायला हवा. ड्रायव्हर स्वतःही उतरत असतो, त्यामुळे अनेकदा १२ डेसिबलचा फिल्टर आणि ड्रायव्हरचा स्वतःचा उतार मिळून २४ होतात.

म्हणून खोका बनवून, ड्रायव्हर बसवून, मग मोजा. मोजमापाचा माइक, मोजणीसाठी रूम ईक्यू विझार्ड आणि फिल्टर रचायला व्हिट्युइक्सकॅड ही दोन सॉफ्टवेअर, एवढं पुरतं. ट्विटर जमिनीपासून १.२ मीटरवर, माइक त्याच उंचीवर १ मीटर लांब. जमिनीवरून परतलेला आवाज १.६ मीटर जास्त चालून साडेचार मिलिसेकंदांनी येतो. त्याच्या आधी सॉफ्टवेअरमधली मोजणीची खिडकी (किती वेळाचा आवाज धरायचा ती मर्यादा) बंद केली की २२० हर्ट्झच्या वरचं सगळं विश्वासाचं. समोरून, १५, ३०, ४५ आणि ६० अंशांवरून मोजा. दोन्ही ड्रायव्हर मोजताना माइक जागचा हलवू नका, नाहीतर फेज (दोघांच्या लहरींचा एकमेकांशी ताळमेळ) चुकते. मोजताना ट्विटरच्या मालिकेत ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा. मी तो न ठेवता वायर काढली, अॅम्प्लिफायरमधून एक धप्प आवाज आला आणि नवा कोरा ट्विटर गेला.

फिल्टर जोडून झाला की ट्विटरच्या दोन वायरी मुद्दाम उलट्या लावून मोजा. जोडाच्या आकड्यावर अरुंद, खोल, २० डेसिबलच्या पुढची दरी दिसली तर दोघे तिथे एकत्र चालताहेत. उथळ किंवा बाजूला सरकलेली दरी दिसली तर फेज जुळलेली नाही. बहुतेक वेळा ट्विटरच्या बाजूचा कपॅसिटर एक-दोन पायऱ्या बदलला की ती जागेवर येते. मग वायरी पुन्हा सरळ करा आणि ट्विटरच्या रेझिस्टरने अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने वर-खाली करून ऐका. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर निदान दोन-तीन दिवस, खुर्चीतूनही आणि खोलीच्या कडेवरूनही.