जुन्या वर्तमानपत्रांत राजकीय घटना शोधताना

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवर काम करत असाल, तर आधी तारखांची यादी बनवा, मगच शोधायला बसा. फ्लोरा फाउंटनचा गोळीबार 21 नोव्हेंबर 1955 चा, म्हणजे सकाळच्या दैनिकांत बातमी 22 तारखेच्या अंकात. पुढच्या आठवडाभराचे अंकही चाळाच. जखमी नंतर दगावतात, आकडे बदलतात, सरकारी खुलासा उशिरा येतो. पहिल्या दिवशीचा आकडा तसाच उचलून प्रबंधात घालू नका.

अत्र्यांच्या ‘मराठा’त मात्र ही बातमी मिळणार नाही, कारण ते दैनिक निघालं नोव्हेंबर 1956 मध्ये. हवं ते वर्तमानपत्र त्या दिवशी निघत होतं का, एवढं आधी पाहिलं तर ग्रंथालयातला अर्धा दिवस वाचतो. शिवाय ‘मराठा’ चळवळीचं मुखपत्रच होतं. त्याच्या शेजारी दुसऱ्या बाजूचं एखादं दैनिक आणि विधिमंडळाच्या चर्चेचा वृत्तांत ठेवून वाचा.

डिजिटल संग्रहात जुनं शुद्धलेखन फार अडवतं. ‘मुंबईत’ टाकून काही सापडलं नाही तर ‘मुंबईंत’ टाका. ‘नाहीं’, ‘कांहीं’ अशी अनुस्वाराची रूपं तेव्हा रूढ होती. इंग्रजी डेटाबेसमध्ये शहराचं नाव ‘बॉम्बे’च द्या. स्कॅन पुसट असेल तर शब्दशोधाचा नाद सोडा आणि तारखेनुसार पानं उलटा. पान हाती लागलं की दैनिकाचं नाव, तारीख, आवृत्ती, पान आणि रकाना तिथल्या तिथे टिपून घ्या.