सोलापुरात नवीन आलाय? पाहुणे यायच्या आधी एवढं जमवून ठेवा

सोलापूरला बदली झाली म्हणून सांगितलं की नातेवाईक आधी उन्हाची काळजी करतात आणि पुढच्याच वाक्यात पंढरपूरचा हिशोब मांडतात. पंढरपूर सत्तरेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, अक्कलकोट चाळीस, गाणगापूर पण आवाक्यातलं, म्हणजे तुमचं भाड्याचं घर अख्ख्या खानदानाचं भक्तनिवास झालंच म्हणून समजा. त्याला ना नाही, यावं की लोकांनी. पण होतं काय, पाहुणे चार दिवस राहतात, चारी दिवस गाडीत बसून देव करतात आणि जाताना म्हणतात, सोलापुरात तसं बघण्यासारखं काही नाही ना गं. हे ऐकायचं नसेल तर पहिला पूर्ण दिवस शहराला द्या आणि देव दुसऱ्या दिवसापासून. उलटं केलं तर जमत नाही, तीन देव झाल्यावर सगळ्यांचे गुडघे बोलायला लागतात आणि मग कोणी घराबाहेर पडत नाही.

पण त्याच्या आधी तुमचं स्वतःचं बस्तान बसायला पाहिजे, आणि इथं ते पाण्यावर बसतं. घर बघायला गेलात की हॉल केवढा, बाल्कनी कुठल्या दिशेला, हे सगळं नंतर. मालकांना पहिला प्रश्न हा की नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि किती वाजता. सोलापुरात रोज पाणी येत नाही, भागाप्रमाणं तीन-चार-पाच दिवसांआड येतं. उजनी धरणातून शंभर किलोमीटरच्या वर लांबीच्या पाईपातून येतं, शिवाय टाकळीला भीमेतून आणि हिप्परग्याच्या तलावातून, त्यात कुठं लाईट गेली किंवा पाईप फुटला की पाळी पुढं सरकते. म्हणून खाली हौद केवढा आहे, वरची टाकी केवढी, बोअर आहे का आणि असला तर एप्रिल-मेमध्ये टिकतो का, गल्लीत टँकर शिरतो का, मोटर कोण चालू करतं, हे सगळं स्पष्ट विचारा, लाजू नका, इथं ह्या प्रश्नांचं कोणाला वाईट वाटत नाही. मालक नुसतंच "पाण्याचं काय टेन्शन घेऊ नका" म्हणाले तर शेजारच्या दारात उभ्या असलेल्या मावशींना विचारा, खरं उत्तर तिथं मिळतं.

आम्ही चिपळूणकडचे. आमच्या आईला पाणी मोजून वापरायची सवयच नाही, नळ सोडून भांडी घासणार आणि वर मला विचारणार की एवढी काय कंजूषी. त्यामुळं पाहुण्यांना तारीख देताना कॅलेंडरच्या आधी पाण्याची पाळी बघा. पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे उतरले पाहिजेत, हौद भरलेला, टाकी भरलेली, सगळ्यांच्या आंघोळी निवांत. आणि मधेच पाणी आलं तर त्या दिवशी सकाळचा फिरायचा प्लॅन ठेवूच नका, घरातलं एक माणूस तिथंच अडकतं.

कुठं राहायचं हे तुमच्या ऑफिसवर आणि मुलांच्या शाळेवर ठरेल. जुळे सोलापूर, सैफुल, विजापूर रोड, होटगी रोड ह्या बाजूला नवीन सोसायट्या आणि मोकळे रस्ते मिळतील, जुन्या पेठांमध्ये बाजार हाताशी पण पार्किंगचं विसरा. शेळगी-बाळे हायवेला धरून. पत्ता सांगताना इथं चौक सांगतात, सात रस्ता, आसरा, कन्ना चौक, अशोक चौक, भैय्या चौक, तेवढे दहा-बारा चौक एकदा डोक्यात बसले की मॅपची गरज राहत नाही. सिटी बसच्या भरवशावर राहू नका, शेअर रिक्षा आहेत, त्यांचे रूट ठरलेले असतात, शेजारी बसलेल्याला विचारलं तर तोच नीट उतरवून देतो.

पाहुण्यांना कधी बोलवायचं? दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते हे खरं, पण पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असतो आणि कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या माणसाला ती कोरडी झळ सोसत नाही. आलेच कोणी तर सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेपाचनंतर एवढंच बाहेर, मधला वेळ पडदे ओढून झोप, ताक आणि पत्ते.

आता तो शहराचा दिवस. सकाळी लवकर सिद्धेश्वर मंदिर, आणि जमलं तर सोमवार टाळून, कारण सोमवारी गर्दी असते. तलावाच्या मधोमध मंदिर, चालत आत जायचं, दोन्ही बाजूला पाणी. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, त्यांची समाधी इथंच आहे, आणि त्यांनी शहराभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली असं मानतात. दर्शन झाल्यावर पाहुण्यांना थेट गाडीकडं नेऊ नका, काठावर थोडं बसू द्या. पलीकडं भुईकोट किल्ल्याची तटबंदी दिसते, बहमनी काळातला किल्ला, डोंगरावर नाही त्यामुळं आजी-आजोबा पण आरामात फिरतात, आत झाडं आहेत, सावली आहे. सह्याद्रीचे किल्ले बघितलेली माणसं सुरुवातीला नाक मुरडतात, "हा काय किल्ला, चढच नाही", पण दुहेरी तट आणि खंदक जवळून बघितला की गप्प होतात.

नाश्ता पूर्व भागात करा, हे माझं अगदी ठाम मत. कन्ना चौक, अशोक चौकाच्या बाजूला गेलात की पाट्या तेलुगू, गप्पा तेलुगू, पद्मशाली विणकरांची वस्ती, आणि इडली-वडा खाऊन पाहुण्यांना कळत नाही आपण महाराष्ट्रात आहोत का कुठं. जुन्या गल्लीत थोडं चाललात तर अजून मागाचा खटखट आवाज येतो. १८७७ साली इथं पहिली कापडगिरणी सुरू झाली, तिलाच आता "जुनी गिरणी" म्हणतात, आणि मग एकामागून एक निघाल्या, त्या गिरण्या बंद पडल्या तरी यंत्रमाग आणि टॉवेलचे कारखाने आहेत, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडं. देवळात कन्नड ऐकू येतं, विजापूर वेशीकडं दखनी उर्दू, आणि मराठीत वाक्याच्या शेवटी "बे". आमच्या बाबांना रिक्षावाला दुसऱ्या रिक्षावाल्याला "काय करलालास बे" म्हणाला ते भांडण वाटलं होतं, ते दोघं चहाला चालले होते. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. त्यांना स्वतःला मात्र "काका, या की" अशीच हाक मिळेल.

दुपारी जेवायला घरी किंवा चांगल्या खानावळीत, आणि कोकणातली मंडळी असतील तर मासे विसरायला सांगा, इथं मटण खायचं, काळ्या मसाल्याचं, ज्वारीच्या भाकरीबरोबर. शाकाहारी असतील तर शेंगा भाजी, धपाटे, दही.

संध्याकाळी चार हुतात्मा पुतळ्यांपाशी थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला फाशी दिलं चौघांना. त्याच्या आधीच्या वर्षी मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं आणि इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला, ती ही गोष्ट. मुलं बरोबर असतील तर सांगा की ज्या हुतात्मा एक्सप्रेसनं तुम्ही पुण्याहून आलात तिचं नाव ह्यांच्यावरून, एवढ्या एका वाक्यानं मुलं पुतळे नीट बघतात. डॉ. कोटणीसांचं स्मारक भैय्या चौकात, सोलापुरात १९१० साली जन्मलेला माणूस १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेला, युद्धात जखमींवर उपचार केले आणि १९४२ ला तिकडंच वारला. तिथं जायचं तर उघडायची वेळ आधी बघून घ्या. उरलेला अर्धा तास विजापूर रोडच्या कंबर तलावावर, ज्याला आता संभाजी तलाव म्हणतात, थंडीत पक्षी असतात. रात्री पार्क चौकाकडं गाड्यांवर खाणं, रमजान असेल तर विजापूर वेशीचा मीना बाजार आणि कबाब. झाला दिवस.

जानेवारीत येणार असतील तर हा दिवस पुरणार नाही, कारण संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते आणि ती सोडून दुसरं काही दाखवण्यात अर्थ नाही. एका कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, त्या लग्नाचा हा सोहळा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं उंचच्या उंच सात नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलून शहरभर मिरवतात, पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग शोभेचं दारूकाम. अक्षतांच्या दिवशी दुपारी गर्दी प्रचंड असते, लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना घेऊन कट्ट्याजवळ शिरू नका, त्यांना सकाळी मिरवणुकीच्या रस्त्यावर कोणाच्या तरी ओट्यावर बसवा, इथले लोक ओळख नसली तरी बसू देतात, पाणी पण देतात. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा आवाज आला की नंदीध्वज जवळ आले, मोबाईल तयार ठेवा. होम मैदानावर पाळणे आणि दुकानं बरेच दिवस असतात, मुलांना ती नंतर कधीही दाखवा.

त्याच दिवसांत हुरडा. आसपासच्या शेतांवर हुरडा पार्ट्या असतात, आधी फोन करून जागा धरावी लागते, रविवारची तर नक्कीच. गोवऱ्यांच्या आगटीत कोवळी कणसं भाजतात आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढून देतात, ते लगेच तोंडात टाकायचे, बरोबर शेंगा चटणी, दही, गूळ. ताटात घेऊन फोटो काढत बसलात तर दाणे गार होतात आणि मजा गेली.

आता देव, ह्यात मला फार सांगायचं नाही, फक्त वार सांभाळा. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, नवरात्रात तर वेगळाच मामला, आणि कोजागिरीला सोलापूरहून माणसं चालत जातात त्यामुळं तो रस्ताच गाडीसाठी विसरा. अक्कलकोटला गुरुवार टाळा, बाकी दिवशी दर्शन आणि अन्नछत्रात जेवण अर्ध्या दिवसात होतं. पंढरपूरला एकादशी आणि तिच्या मागचा-पुढचा दिवस टाळा. एका दिवसात तिन्ही देव करू म्हणणारा एक तरी मामा प्रत्येक खानदानात असतो, त्याचं ऐकू नका. तिन्ही गावं तीन दिशांना आहेत आणि प्रत्येक वेळी सोलापुरात परत येऊन पुन्हा बाहेर पडावं लागतं.

एखादा दिवस उरला तर मी हत्तरसंग कुडलला नेते. भीमा आणि सीनेचा संगम, गर्दी नाही, साडेतीनशेच्या वर चेहरे कोरलेलं एकच शिवलिंग, आणि शके ९४० चा मराठी शिलालेख. तिथं खायला फारसं मिळत नाही, डबा न्या. पावसाळ्यात नळदुर्ग, पाणी भरपूर असेल तर नर-मादी धबधबे सुरू होतात, नसेल तर किल्ल्यातला पाणीमहाल बघून या. विजापूर शंभर किलोमीटर, गोल घुमट मुलांना फार आवडतो, पण उघडल्या उघडल्या पोचा, नंतर वर गॅलरीत सगळेच ओरडत असतात आणि कुजबुज ऐकायची सोय राहत नाही.

शेवटी खरेदी. चादर घ्यायचीच, २००५ साली सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण "सोलापुरी" म्हणून पानिपतचा माल पण विकला जातो हे लक्षात ठेवा. चादर उलटून बघा, खऱ्या जॅकार्डमध्ये, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या चादरीत, तीच नक्षी मागच्या बाजूला रंग उलटे होऊन दिसते, नुसती एका बाजूला छापलेली असेल तर ठेवून द्या. हातात घेतली की वजन लागलं पाहिजे. पहिली धुणी वेगळी करायला सांगा, रंग जातो. नवी पेठ, चाटी गल्ली फिरा किंवा कारखान्यांच्या स्वतःच्या दुकानात जा, टॉवेल तिथं किलोवर पण मिळतात. शेंगा चटणी उखळात कुटलेली घ्या, मिक्सरची कोरडी भुकटी नाही. कुटलेली बोटात दाबली की तेल सुटतं आणि गोळा होतो, रंग काळपट लाल. बरोबर कडक भाकरी, पापडासारखी वाळवलेली, आठवडेच्या आठवडे टिकते पण बॅगेत चुरा होतो, म्हणून स्टीलच्या डब्यात नाहीतर चादरींच्या घडीत ठेवून द्या. हुतात्मा किंवा वंदे भारतनं जाणार असतील तर त्या गाड्या सकाळी दुकानं उघडायच्या कितीतरी आधी सुटतात, तेव्हा सगळी खरेदी आदल्या संध्याकाळी उरका, आणि चटणीची एक पुडी वरच्या पिशवीत वेगळी द्या, कारण कुर्डुवाडी यायच्या आत कोणीतरी सामान उघडतंच.