सेमिस्टरसाठी परदेशात जायचंय? मग वर्ग सुरू होतात त्या तारखेपासून उलटं मोजा

कॉलेजात असतानाच एखादी सेमिस्टर किंवा अख्खं वर्ष परदेशात शिकायचं मनात असेल तर देश कुठला हे ठरवायच्या आधी कॅलेंडर घेऊन बसा. तिकडे वर्ग ज्या दिवशी सुरू होतात तिथून मागे मोजत या, व्हिसाला दोन-तीन महिने धरा, त्याच्या आधी ॲडमिशनचं पत्र, त्याच्या आधी अर्ज, त्याच्या आधी भाषेची परीक्षा आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रं. मोजून झालं की लक्षात येतं, वर्षभर आधी हालचाल केली तरच जमतं, दीड वर्ष मिळालं तर खूपच बरं. आयईएल्टीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या दोन्ही परीक्षांचा स्कोअर २ वर्षं चालतो, त्यामुळे परीक्षा लवकर देऊन टाकायला काहीच हरकत नाही. पासपोर्टची मुदतही आत्ताच बघा, परत यायच्या तारखेनंतर किमान ६ महिने शिल्लक असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, क्रेडिट, म्हणजे एखादा विषय पूर्ण केल्यावर डिग्रीत जमा होणारे पॉइंट. बहुतेक जण इथेच फसतात, मीसुद्धा फसले होते. तिकडे एक विषय अगदी मनापासून शिकले, मार्क पण चांगले पडले, आणि परत आल्यावर कळलं की तो आमच्या डिग्रीत धरताच येणार नाही, कारण होकार मी फक्त तोंडी घेतला होता. त्यामुळे तुम्ही असं करा, तिथल्या विषयांचा पूर्ण सिलॅबस डाउनलोड करा, आपल्या डिपार्टमेंटमध्ये जाऊन दाखवा आणि कुठला विषय कशाच्या बदल्यात धरणार हे लेखी घ्या, निदान ईमेलवर तरी. युरोपात इरॅस्मसमधून, म्हणजे युरोपियन युनियनच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून जाणाऱ्यांना लर्निंग ॲग्रीमेंट, म्हणजे तिकडे कुठले विषय शिकणार आणि ते इकडे कसे धरणार याचा करार करावाच लागतो, त्यावर विद्यार्थी, आपलं कॉलेज आणि तिकडचं कॉलेज अशा तिघांच्या सह्या असतात. तुमच्या प्रोग्रामला ते सक्तीचं नसलं तरी तसाच एक कागद स्वतः तयार करून सह्या घ्या. दोन-तीन जादा विषय पण मंजूर करून ठेवा, कारण तिथे गेल्यावर एखाद्या विषयाच्या जागा भरलेल्या असतात किंवा तो त्या सेमिस्टरला शिकवतच नाहीत. आणि आकडे बघून घाबरू नका, युरोपात पूर्ण वर्षाचे ६० ईसीटीएस (तिकडची क्रेडिट) म्हणजे सेमिस्टरचे ३०, अमेरिकेत साधारण १५ क्रेडिटची सेमिस्टर असते, मोजायची पद्धत वेगळी आहे एवढंच.

पैशाचं बोलायचं तर एक्सचेंज आणि स्वतःहून जाणं यात खूप फरक पडतो. दोन कॉलेजांचा करार असेल तर बहुतेक वेळा फी आपल्याच कॉलेजात भरायची असते, म्हणून आधी आपल्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन करारांची यादी मागा. मग राहतो तिकडे राहायचा खर्च. तो तुम्ही भागवू शकता हे व्हिसासाठी दाखवावं लागतं आणि त्याचे नियम अगदी बारीक असतात. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसासाठी ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, मध्ये एक दिवस जरी कमी झाली तरी अर्ज अडकू शकतो. जर्मनीत बऱ्याच जणांना ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहायच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं लागतं, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, आणि त्यातून महिन्याला ९९२ च काढता येतात. हे आकडे बदलत राहतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी दूतावासाच्या साइटवरच बघा, ओळखीच्या कुणी दोन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा धरू नका.

तिथे जाऊन काम करू आणि खर्च काढू यावर भिस्त ठेवू नका. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, आणि पहिल्या महिन्यात काम मिळेलच असं नाही. निदान दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच निघा.

तिकीट व्हिसा आल्यावरच काढा. एफ-१ वर कोर्स सुरू व्हायच्या ३० दिवसांपेक्षा आधी अमेरिकेत शिरता येत नाही, तेव्हा लवकर जाऊन फिरू असा प्लॅन असेल तर तारीख नीट बघा. हॉस्टेलचा फॉर्म मात्र ॲडमिशन आली त्याच दिवशी भरा, आणि बाहेर खोली घेणार असाल तर करार वाचल्याशिवाय, खोली व्हिडिओवर बघितल्याशिवाय डिपॉझिट पाठवू नका, यात फसवणूक फार होते. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावाचं प्रिस्क्रिप्शन घ्या, कारण ब्रँडचं नाव तिकडे कुणाला कळेलच असं नाही.

शेवटचं परत क्रेडिटचंच. तिकडून निघायच्या आठवड्यात ऑफिसात जाऊन ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि मार्कांचा अधिकृत कागद कधी निघणार आणि थेट कुठल्या पत्त्यावर जाणार ते विचारून या, आणि आपल्या असाइनमेंट, सिलॅबस, पेपर सगळं जपून ठेवा, एखादा विषय धरायला कुणी खळखळ केली तर हेच कागद समोर ठेवता येतात.