१:७२ मिग-२१ : आधी चांदी, मग घाईचा रंग, मग झीज

नाशिकजवळ ओझरला आमचे मामा राहायचे. सुट्टीत तिकडे गेलं की आवाजावरून विमान ओळखायची पैज लागायची. एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) त्या कारखान्यात साठच्या दशकापासून मिग-२१ तयार होत असत, आणि एसटीच्या कंडक्टरपासून सगळे त्या जागेला सरळ ‘ओझर मिग’च म्हणत. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये हवाई दलाने मिग-२१ला निरोप दिला. त्यानंतर ओळखीतल्या दोघातिघांनी विचारलं, ‘मिग-२१च्या प्लास्टिक मॉडेलचं किट जोडायचं म्हटलं तर कसं जोडायचं?’ त्यांना फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून इथे लिहितो.

मी उदाहरणाला मिग-२१चा एफएल हा प्रकार घेतलाय, १९७१च्या युद्धातला, आणि मॉडेल १:७२चं, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं. आपल्याकडे ही विमानं आली ती चकचकीत, उघड्या धातूच्या रंगाची. युद्धाच्या तोंडावर त्यातल्या काहींवर तळावरच, हातात ब्रश घेऊन, हिरव्या-तपकिरी रंगाचे पट्टे आणि ठिपके फासले गेले. खाली चांदी, वर घाईने लावलेला रंग, आणि तो रंग वापरात ठिकठिकाणी उडालेला. नवशिक्यासाठी हे सोयीचं आहे, कारण खऱ्या विमानाचं जे ज्या क्रमाने झालं, त्याच क्रमाने आपणही जायचं. शिवाय कॅमोफ्लाज मुळातच ब्रशने केलेलं, त्यामुळे एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं यंत्र) नसला तरी अडत नाही.

आधी फोटो, मग निपर

एकच विमान ठरवा, आणि जमलं तर एकच तारीख, आणि त्याचे फोटो समोर ठेवा. ‘मिग-२१’ एवढं पुरत नाही. एफएलची छत्री, म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण, पुढच्या बाजूला उलगडते, नंतरच्या एमएफ आणि बिस या प्रकारांची उजवीकडे. एफएलची पिटो नळी (वेग मोजायची, पुढे आलेली बारीक नळी) नाकाच्या वर मधोमध असते, एमएफ-बिसची जरा उजवीकडे सरकलेली. बिसचं किट आणून त्यावर एफएलचे नंबर चिकटवले तर ओझरचा कुठलाही निवृत्त कामगार लांबूनच हसेल. डब्यावर पीएफ (एफएल ज्यावरून आलं तो प्रकार) किंवा एफएल लिहिलेलं बघून घ्या.

शस्त्रंही तारखेप्रमाणे. एफएलला अंगातली तोफ नव्हती, ती पोटाखाली वेगळ्या आवरणात टांगायची. १२ डिसेंबर १९७१ला ४७ स्क्वाड्रनच्या फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं ते याच तोफेने. तसं विमान करायचं तर तोफ हवीच. उलट १४ डिसेंबरला विंग कमांडर बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली २८ स्क्वाड्रनची मिग ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर गेली ती रॉकेट घेऊन. पंखांखाली १६-१६ नळ्यांचे गोल पॉड, ५७ मिलिमीटरची रॉकेटं. किटमध्ये दोन्ही प्रकारचे भाग असतात आणि आपल्याला सगळंच लटकवावंसं वाटतं. तो मोह आवरा.

जोडणी

स्प्रू, म्हणजे भाग ज्यात अडकलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी, भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. भाग काढताना निपरने (छोट्या कापायच्या पकडीने) दोनदा कापा: पहिल्यांदा लांबून, मग अंगालगत. एकदाच जवळून कापलं तर प्लास्टिक पांढरं पडतं किंवा टवका उडतो. साच्याची रेघ ब्लेडच्या पाठीने खरवडून काढा.

कॉकपिट आधी. सोव्हिएत पद्धतीचा निळसर-हिरवा रंग, त्यावर काळं पॅनल. एवढ्या छोट्या प्रमाणात पॅनलवर कोरडा ब्रश, म्हणजे फिका रंग लावून जवळजवळ पुसून घेतलेला, हलकाच फिरवला की डायल दिसतात. छत्री बंद ठेवणार असाल तर इथे तीन दिवस घालवू नका. मी घालवले होते, आणि आता ते फक्त मलाच माहीत आहे.

धड बंद करण्याआधी एक तपासणी. दोन्ही अर्धे, पंख आणि चाकांचे पाय मास्किंग टेपने तात्पुरते बांधा आणि उभं करून पाहा. शेपटीवर बसत असेल तर नाकाच्या कोनात वजन भरा. मासे पकडायच्या गळाला लावतात ते शिशाचे मणी बरोबर मावतात, फेव्हिक्विकने पक्के करा. धड चिकटल्यावर हे करता येत नाही.

चिकटवायला पातळ प्लास्टिक सिमेंट वापरा. दोन्ही अर्धे नुसते धरायचे, सांध्याला ब्रशचं टोक लावायचं, सिमेंट स्वतःच फटीतून धावत जातं. दहा सेकंदांनी हलकं दाबलं की वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर येते. ती येऊ द्या. दुसऱ्या दिवशी ती घासून काढली की सांधा राहत नाही. फक्त दाबताना बोट सांध्यावर ठेवू नका, नाहीतर तुमचा ठसा कायमचा त्या विमानावर राहील.

फटी राहिल्या तर पुट्टी, मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८००, १२००, आणि पुढे २०००. दुसऱ्या विमानाला हिरवा-करडा रंग असता तर ८००वर थांबलो असतो. चांदीसाठी नाही. घासताना पॅनलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या, रेघा बुजतात. त्या सुईच्या टोकाने, जाड टेपची कड पट्टीसारखी धरून पुन्हा कोरा.

चांदी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चांदीचा रंग काहीच झाकत नाही, उलट प्रत्येक ओरखडा दाखवून देतो. म्हणून आधी चकचकीत काळा थर. तो वाळला की खोलीतला दिवा बंद करून टॉर्च आडवी धरा आणि विमान हळूहळू फिरवा. पाठीच्या कण्यावरून उजेड सरकताना कुठे अडखळला, तर तिथे सांधा शिल्लक आहे. पुन्हा घासा, पुन्हा काळा. माझ्या पहिल्या मिगला हे तीनदा करावं लागलं आणि चौथ्यांदा करायला हवं होतं.

त्यावर लॅकर जातीची चांदी, पातळ थरांत. एअरब्रश नसेल तर टामिया कंपनीचा एएस-१२ हा स्प्रे कॅन चांगला काम देतो. कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, फवारा बारीक होतो. फवारा विमानाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. मधे थांबलात की तिथे ओघळ. खिडकी उघडी, तोंडाला फिल्टरचा मास्क. कापडी रुमाल चालत नाही.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. नाशिक-पुण्यात एक वेळ जमेल, कोकणात तर नकोच. लॅकरमधलं थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि चांदीवर दुधट साय आल्यासारखं दिसतं. झालंच तर घाबरू नका. कोरड्या दुपारी वरून नुसत्या लॅकर थिनरचा अगदी हलका फवारा दिला की बहुतेक वेळा ती साय विरते.

खरं विमान एकाच चांदीचं नसतं. काही पत्रे टेपने वेगळे करून त्यांवर एक छटा गडद किंवा फिकट द्या. मागचा, जेट नळीभोवतीचा भाग थोडा काळपट. टेप आधी तळहातावर दोनदा चिकटवून घ्या, तिचा चिकटपणा उतरतो आणि चांदी उचलली जात नाही. नाकाचा कोन आणि शेपटीचं टोक मात्र धातूचं नाही, आत रडार आणि अँटेना असतात. ते चांदीचं ठेवू नका, फोटोत जो रंग दिसतो तो द्या. चाकांच्या तबकड्या भडक हिरव्या.

चांदी दोन दिवस वाळू द्या. पुढच्या पायरीत तिच्यावर पाणी आणि ब्रश चालणार आहे.

घाईचा रंग

आता हेअरस्प्रे. हो, केसांचाच. आमच्याकडे मुलीच्या गॅदरिंगसाठी आणलेला होता, तो कपाटातून माझ्या टेबलावर आला आणि परत गेला नाही. साधारण २५ सेंटिमीटरवरून दोन हलके थर द्या आणि अर्धा तास थांबा.

त्यावर अॅक्रिलिकचे हिरवे आणि तपकिरी पट्टे. टामियाचा अॅक्रिलिक असेल तर तो त्याच्या थिनरने नव्हे, पाण्याने पातळ करा. अल्कोहोल हेअरस्प्रे विरघळवतं आणि सगळंच सरकू लागतं. रंग सपाट ब्रशने, एकदाच, पुढे-मागे न घोळवता लावा. पट्ट्यांच्या कडा नेमक्या नकोत. तळावरच्या माणसाने शिडीवर उभं राहून, अंधार पडायच्या आत जेवढं होईल तेवढं केलं, असं ते दिसायला हवं. पण ब्रशच्या रेघा मात्र दिसू देऊ नका. दशांश एक मिलिमीटर जाड थर म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा लेप, तेवढा तर भिंतीलाही कोणी देत नाही.

झीज

रंग हाताला कोरडा लागला की पुढच्या तास-दोन तासांत झिजवायला घ्या, रात्रभर ठेवलात तर निघायचं नाव घेत नाही. एका जागी पाण्याचा थेंब ठेवा, मिनिटभर थांबा, मग जुन्या कडक ब्रशने हलकं टोचा. खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि रंगाचा छोटा पापुद्रा सुटतो. पहिला पापुद्रा सुटून खालची चांदी चमकते तेव्हा आपसूक तोंडातून ‘अरे वा’ निघतं. आणि तिथेच माणूस बिघडतो.

१:७२ला एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरचं भोक. त्यामुळे ब्रशपेक्षा टूथपिकच्या टोकाने जास्त काम करा, आणि प्रत्येक टवक्याला कारण असू द्या. पायलट डाव्या बाजूने शिडी लावून चढतो, तिथे रंग घासला जातो. पंखांच्या पुढच्या कडेला वारा आणि रेती लागते. मेकॅनिक जी झाकणं रोज उघडतात त्यांच्या स्क्रूभोवती. पंखाच्या मधोमध, जिथे कोणी पाय ठेवत नाही आणि काही उघडत नाही, तिथे टवका कशाला? थांबायचं कधी याचं मोजमाप नाही. मी ‘अजून थोडं’ असं मनात आलं की ब्रश खाली ठेवतो आणि चहा करायला जातो.

यानंतर सगळ्यावर चकचकीत क्लिअर कोट, मग डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं आणि नंबर). खडबडीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि पारदर्शक कडा चांदीसारखी चमकते. डिकल कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद, मग बाहेर काढून कागदावरून स्वतः सुटेपर्यंत थांबा, ओढू नका. आपल्या गोल चिन्हात केशरी बाहेर आणि हिरवा आत, हे किटच्या चित्रावर विसंबून न राहता स्वतः तपासा. जागेवर बसल्यावर सेटिंग सोल्यूशनचा (डिकल मऊ करून पृष्ठभागाला बसवणाऱ्या द्रवाचा) हात. ते सुरकुतलं तर हात लावू नका, वाळताना सरळ होतं.

वॉश म्हणजे पॅनलच्या रेघांमध्ये पातळ गडद रंग सोडणं. तपकिरी तेलरंगाचा मटारएवढा ठिपका आणि बाटलीच्या झाकणभर टर्पेंटाइन. बारीक ब्रशने रेघेला टोक लावलं की ते रेघेतून पळतं. अर्ध्या तासाने किंचित ओल्या इअरबडने पुसा. पुसायची दिशा महत्त्वाची: पंखांवर पुढून मागे, कारण वारा तसा जातो, धडाच्या बाजूंवर वरून खाली, कारण उभ्या विमानावरून तेल आणि पाणी तसंच ओघळतं. चांदीच्या भागावर काळपट करडा वॉश घ्या, तपकिरी तिथे गंजासारखा दिसतो, आणि अॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही.

काजळी फक्त दोन जागी: जेट नळीच्या आत आणि तोफेच्या तोंडाशी. पेस्टल खडूची पूड करून मऊ ब्रशने लावली तरी पुरते. टायरवर थोडी मातकट पूड. शेवटी कॅमोफ्लाजच्या भागावर मॅट कोट, पण चांदी उघडी आहे तिथे तो चुकूनही जाऊ देऊ नका. क्षणात ती शिसं होते. एवढ्या छोट्या जागा टेपने झाकणं कटकटीचं, म्हणून मी मॅट ब्रशनेच लावतो, पट्टा-पट्टा करून.

राहिलेले बारीक भाग, म्हणजे चाकांची दारं, अँटेना, छत्री, सगळ्यात शेवटी. छत्रीला फेव्हिक्विक लावू नका, वाफेने काच आतून धुरकट होते. पांढरा फेव्हिकॉल लावा, वाळल्यावर दिसतही नाही. पिटो नळी किटची कधीच वापरू नका, ती जाड असते आणि पहिल्याच आठवड्यात मोडते. इन्सुलिनच्या सुईचं टोक पक्कडीने वाकवून तोडा, तो तुकडा टाकून द्या, आणि उरलेली नळी नाकावर बसवा. टोक तोडताना चष्मा घाला.

विमान तयार झालं की पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर, तळहातावर मावतं. काचेच्या कपाटात ठेवताना पिटो नळी दाराच्या विरुद्ध बाजूला ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत कपाट कोण उघडेल सांगता येत नाही.