नाशिकहून स्टेम सेलच्या रिसर्चमध्ये यायचंय? मग आधी हे वाचा

मी दिंडोरी तालुक्यातली, बीएस्सी नाशिकला, एमएस्सी पुण्याला आणि आता पीएचडी संपत आलीये. विषय आहे रक्तवाहिन्यांच्या स्टेम सेल्स (स्टेम सेल म्हणजे जिच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनतात अशी मूळ पेशी), म्हणजे जखम झाली की तिथे नवीन रक्तवाहिनी नक्की कोणत्या पेशी उभी करतात हे शोधायचं. सुट्टीला घरी आले की बीएस्सीची कोणीतरी पोरं भेटायला येतातच आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, स्टेम सेलमध्ये स्कोप आहे का?" दरवेळी घाईत अर्धवट उत्तर दिलं जातं, म्हणून आज नीट बसून लिहितेय.

स्कोपचं नंतर बघू, आधी विषय समजून घ्या. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला साधारण 100 ते 200 मायक्रॉनच्या आत एक केशवाहिनी, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिनी, लागते, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीएवढ्या अंतरात, कारण ऑक्सिजन त्याच्या पुढे नीट पोचतच नाही. त्यामुळे लॅबमध्ये तुम्ही कितीही छान टिश्यू वाढवा, तो जाड झाला आणि आत रक्तवाहिन्या नसल्या की मधला भाग मरतो. हे मला पुस्तकाआधी आमच्या द्राक्षबागेत कळलं होतं असं मला खरंच वाटतं. सप्टेंबरात पप्पा डॉगरिज जातीच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाची काडी पाचर मारून बसवायचे, मी शेजारी बसून प्लास्टिकची पट्टी धरायचे, आणि ते प्रत्येक वेळी साल सालीला टेकलीये का हे अंगठ्याने दाबून बघायचे. आतल्या नळ्या जुळल्या तर डोळा फुटतो, नाही जुळल्या तर वरून हिरवी दिसणारी काडी काही दिवसांत वाळून जाते. माणसाच्या कातडीच्या ग्राफ्टचंही तसंच असतं, खालच्या जखमेतल्या रक्तवाहिन्यांशी जोडणी झाली तर ती जगते.

आता मी या विषयात का आले ते सांगते. माझ्या मामांना बरीच वर्षं शुगर होती, पायाच्या तळव्याला जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. शुगरमध्ये नसा बधिर होतात, रक्तपुरवठा कमी होतो आणि नवीन केशवाहिन्या फुटायचं कामही मंदावतं, हे सगळं एकत्र येतं. तेव्हा कोणीतरी येऊन सांगितलं की स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, जखम भरेल, खर्च काही लाख. घरचे शेतावर कर्ज काढायला तयार झाले होते. मी तेव्हा एमएस्सीला होते, आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटी (केंद्राचा बायोटेक्नॉलॉजी विभाग) यांची स्टेम सेलवरची 2017 ची गाइडलाइन डाउनलोड केली आणि मामींना ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली, की रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठी बोन मॅरो वगैरेमधल्या स्टेम सेल्सचं ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी सगळं फक्त मंजूर झालेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे माणसांवरच्या चाचणीतच करता येतं, आणि ट्रायलसाठी पेशंटकडून पैसे घेत नाहीत. ते पैसे वाचले. मामांची दोन बोटं मात्र काढावी लागली. या क्षेत्रात याल तेव्हा तुमच्याही घरी, गावात असे फोन येणार, त्यामुळे ती गाइडलाइन पहिल्या वर्षीच वाचून ठेवा.

आणि लोकांना हे असं सहज का विकता येतं, तर "स्टेम सेल" हे नाव लावणं फार सोपं आहे. आमच्या विषयाचा इतिहासच बघा ना. 1997 मध्ये असाहारा आणि इस्नर या संशोधकांच्या ग्रुपने दाखवलं की मोठ्या माणसाच्या रक्तातसुद्धा अशा पेशी फिरतात ज्यांच्यापासून रक्तवाहिनीच्या अस्तराच्या, म्हणजे एंडोथेलियल पेशी बनू शकतात. जगभर उत्साह, हार्ट अटॅकच्या पेशंटवर ट्रायलसुद्धा झाल्या. मग हळूहळू लक्षात आलं की 4 ते 7 दिवसांत डिशमध्ये दिसणाऱ्या बऱ्याचशा पेशी मुळात मोनोसाइटच्या जातीच्या, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशी आहेत. त्या आपल्यातून रसायनं बाहेर टाकून मदत करतात, पण स्वतः वाहिनी बनत नाहीत. खरोखर वाहिनी बनवणाऱ्या, ज्यांना ईसीएफसी (एंडोथेलियल कॉलनी फॉर्मिंग सेल्स) म्हणतात, त्या पेशी खूप कमी असतात, मोठ्या माणसाच्या रक्तातून वाढवल्या तर दोन-तीन आठवड्यांनी कुठे त्यांची वसाहत दिसते, फरशी बसवल्यासारखी एकाला एक चिकटून. 2004 मध्ये इंग्रॅम आणि योडर यांच्या ग्रुपने त्या नीट वेगळ्या करून दाखवल्या. म्हणजे सात वर्षं हुशार माणसं वेगवेगळ्या पेशींना एकच नाव देत होती! म्हणून माझं नवीन पोरांना एवढंच सांगणं असतं की पेशीचं नाव काय यापेक्षा ती करते काय हे विचारायची सवय लावून घ्या, पेपर वाचतानाही आणि स्वतःच्या डिशकडे बघतानाही.

डिशचं म्हणाल तर आमचं रोजचं काम असं. डिलिव्हरीनंतर आईची लेखी परवानगी घेऊन नाळ येते, तिच्यात एक शीर आणि दोन धमन्या असतात, त्या शिरेत कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम भरून 37 डिग्रीला थोडा वेळ ठेवलं की आतलं अस्तर सुटून येतं. या पेशी पाच-सहा पॅसेजपर्यंत, म्हणजे पाच-सहा वेळा नव्या डिशमध्ये वाटून वाढवेपर्यंत चांगल्या, नंतर त्या थकतात. मग मॅट्रिजेल नावाची जेली असते, ती थंडीत पातळ आणि जरा उबदार झाली की घट्ट, त्यामुळे रात्रभर फ्रीजमध्ये बर्फावर वितळवायची, पिपेटच्या टिपासुद्धा गार करून घ्यायच्या. त्यावर पेशी टाकल्या की चार-सहा तासांत त्या हात पसरून एकमेकींना पकडतात आणि केशवाहिन्यांसारखी जाळी तयार होते. पहिल्यांदा माझी जाळी झाली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, लॅबमध्ये कोणी नव्हतं, मी मायक्रोस्कोपचा फोटो आईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "मांडवाच्या तारा दिसतायत." खरंच तशाच दिसतात.

पण त्याआधीचे तीन महिने माझी जाळी होतच नव्हती. मी दर आठवड्याला जेली बदलायचे, मीडियम (पेशी वाढवायचं द्रव) बदलायचे, स्वतःच्या हाताला दोष द्यायचे, आणि शेवटी एका सिनियरने सांगितल्यावर टेस्ट केली तर मायकोप्लाझ्मा निघाला. हा बॅक्टेरिया साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, मीडियम गढूळ होत नाही, पेशी फक्त आजारी पडल्यासारख्या वागतात. सगळा स्टॉक फेकला, इन्क्युबेटर धुतला, पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून माझा नियम आहे, नवीन पेशी आल्या की आधी टेस्ट आणि दर महिन्याला परत टेस्ट. तुम्हीही पहिल्या दिवसापासून करा, लॅबमध्ये कोणी करत नसेल तरी करा.

आता रस्ता. सीएसआयआर नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून लाइफ सायन्सेसचा जेआरएफ, म्हणजे पीएचडीची फेलोशिप, मिळाला की सुरुवातीला महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडं, त्यामुळे घरी पैसे मागावे लागत नाहीत, आमच्यासारख्या घरांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पेपरात पार्ट सीमध्ये 75 पैकी 25 प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यात बरेचदा प्रयोग देऊन निष्कर्ष विचारतात, पाठांतर तिथे पुरत नाही, पेपरमधले ग्राफ वाचायची सवयच कामाला येते. एमएस्सी बायोटेकसाठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा द्या. पुण्याला एनसीसीएस आणि आयसर या संशोधन संस्था आहेत, बंगळुरूला स्टेम सेलवर काम करणारी इनस्टेम, त्यांच्या वेबसाइटवर प्रत्येक लॅबचं पान असतं, ते वाचून, त्यांचा एक तरी पेपर वाचून मगच मेल करा. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम इंटरेस्टेड इन स्टेम सेल" एवढ्याच मेलला उत्तर येत नाही, माझ्याच पंधरा-वीस मेलना आलं नव्हतं.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका असं मी म्हणणार नाही, मला पहिलं वर्ष सेमिनारमध्ये प्रश्न विचारायला तोंड उघडत नव्हतं. रोज एक पेपर मराठीत कोणाला तरी समजावून सांगायचे, त्यानेच सुटलं.

आणि स्कोपचं. पगार हळू वाढतो, पीएचडीला पाच-सहा वर्षं आरामात जातात, घरच्यांना हे आधीच स्पष्ट सांगा. ज्यांना लवकर नोकरी हवीये त्यांनी क्लिनिकल रिसर्च किंवा फार्माकडे जावं, त्यात कमीपणा काहीच नाही.

ज्यांना तरीही यायचंय त्यांनी देशातल्या सायन्स ॲकॅडमींच्या समर फेलोशिपचा फॉर्म भरा, दोन महिने चांगल्या लॅबमध्ये काम करायला मिळतं आणि स्टायपेंडही मिळतो. तो साधारण नोव्हेंबरपर्यंत असतो आणि त्याला सरांचं किंवा मॅडमचं शिफारसपत्र लागतं, त्यामुळे दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीच डिपार्टमेंटला जाऊन त्यांना भेटा.